आरसीआय नंबरच्या आधीचे दिवस

हल्ली पालक दार वाजवायच्या आधी नंबर विचारतात. फोनवरच. ‘मॅडम, तुमचा आरसीआय नंबर जरा व्हॉट्सॅप करता का?’ बोरिवलीची आई असो की घाटकोपरची, विचारण्यात संकोच नसतो, आणि नसावाच. मी नंबर पाठवते, त्या दिल्लीच्या नोंदवहीत माझं नाव ताडून बघतात आणि मगच शनिवारची वेळ मागतात. चांगलीच सवय आहे ही. मला मात्र नंबर पाठवताना हटकून आठवतं की ज्या काळात आम्ही हा विषय शिकलो, त्या काळात असा नंबर देशात कुणाकडेच नव्हता. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंकडेही नव्हता.

मी १९८२ साली नायरमध्ये दाखल झाले. बारावी सायन्स, मेडिकल थोडक्यात हुकलेलं, घर मुलुंडला. ‘बी.एस्सी. इन ऑडिओलॉजी अँड स्पीच थेरपी’ हे नाव आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच धड घेता यायचं नाही. आजी विचारणाऱ्याला ठसक्यात सांगायची, ‘मुक्यांना बोलायला लावणारी डॉक्टर होणारेय आमची.’ या एका वाक्यात तीन चुका होत्या, पण आजीला कोण सांगणार? शेजारच्या काकांनी तर बाबांना बाजूला घेऊन विचारलं, ‘पोरीला नोकरी कुठे मिळेल, बहिऱ्यांच्या शाळेत?’ बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मुंबई सेंट्रलचं बा. य. ल. नायर रुग्णालय आणि त्याला जोडलेलं टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज, दोन्ही महापालिकेची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हा अभ्यासक्रम निघाला, देशात सगळ्यात आधी. म्हैसूरची केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था त्यानंतरची, १९६५ ची. आम्ही शिकत होतो तेव्हाही या विषयाची पदवी देणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. मास्टर्स करायचं तर पर्याय आणखी कमी. परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं, पगार पालिका द्यायची आणि केसेस कान-नाक-घशाच्या ओपीडीतून यायच्या. हा अभ्यासक्रम चांगला चालला आहे की नाही हे बाहेरून येऊन तपासणारं राष्ट्रीय पातळीवरचं कुणी नव्हतंच. मान्यता होती ती विद्यापीठाची, आणि बाईंच्या नजरेची.

ते गिरणी संपाचं वर्ष. १८ जानेवारीला संप सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. मी भायखळ्याला उतरून नायरपर्यंत चालत जायची, तेव्हा वाटेवर भोंगे ऐकू यायचे नाहीत. पण ओपीडीत त्या गिरण्या रोज भेटायच्या. साचेखात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं संपामुळे मोकळी झाली आणि पहिल्यांदाच कान दाखवायला आली. ऑडिओमीटरवर त्यांचा आलेख काढला की रेघ आधी बरी चालायची आणि ४००० हर्ट्‌झपाशी घसरायची. सततच्या आवाजाने गेलेल्या कानाची ती खूण. पुस्तकात हे प्रकरण पुढच्या सत्रात होतं, आम्ही ते आधीच शिकून बसलो. ही माणसं ओठांवरून बोलणं ओळखण्यात मात्र इतकी तरबेज होती की समोर बसून प्रश्न विचारले तर कुणाला ऐकू कमी येतंय यावर विश्वास बसू नये. साच्यांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलायला ती विद्या त्यांनी स्वतःच कमावली होती. बाई म्हणायच्या, ‘तोंडावर कागद धरून विचारा, मग कळेल.’

आमच्या सुपरवायझर बाई हा या लेखाचा खरा विषय. मी त्यांचं नाव घेत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. त्या थेरपीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर एक कागद घेऊन. आमच्यासमोर मूल, शेजारी त्याची आई, टेबलावर आरसा, मेणबत्ती, चित्रांचे तक्ते. ‘प’ म्हटला की ज्योत हलते, ‘ब’ला तितकी हलत नाही, हे मुलाला दाखवायचं. ‘म’साठी त्याचा हात आपल्या नाकावर ठेवायचा. आम्ही आदल्या रात्री जागून लेसन प्लान लिहिलेला असायचा, त्यामुळे तो पार पाडण्याची कोण घाई. बाई चकार शब्द बोलायच्या नाहीत. सेशन संपलं की कागद पुढे करायच्या. त्यावर दोन रकाने, एकावर ‘तू’, दुसऱ्यावर ‘मूल’, आणि खाली उभ्या रेघा, दर पाचवी आडवी. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या कागदावर ‘तू’खाली सगळा रकाना भरलेला होता आणि ‘मूल’खाली चार रेघा. बाई एवढंच म्हणाल्या, ‘बोलायला कोण आलं होतं?’ त्या दिवशी लोकलमध्ये ती मैत्रीण अंधेरीपर्यंत कुणाशी बोलली नाही.

या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं की विद्यार्थ्याच्या सेशनमध्ये इतका वेळ हजर राहा. तसा नियम नव्हता, रजिस्टर नव्हतं, सही नव्हती. त्या बसायच्या कारण त्यांना बसल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आता कुणी म्हणेल, हाच तो सुवर्णकाळ. माझं तसं मुळीच म्हणणं नाही. कारण नायरच्या फाटकाबाहेर काय चाललं होतं, तेही आम्ही बघत होतो. लोकलच्या डब्यात ‘तोतरेपणा हमखास बरा’ अशा जाहिराती डकवलेल्या असायच्या. उपनगरात एक गृहस्थ तोंडात खडे धरून वाचायला लावायचे आणि महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे. मूल बोलत नाही म्हटल्यावर आधी वेखंड उगाळून चाटवायचं, मग पोपटाचा उष्टा पेरू, मग कुणीतरी ‘जीभ चिकटलीय’ म्हणून जिभेखाली कापून घ्यायचं. ‘बापही उशिराच बोलला होता’ हे तर घरोघरी. तोवर मूल चार वर्षांचं व्हायचं, आणि त्याला मुळात ऐकूच येत नाही हे आमच्याकडे आल्यावर कळायचं. श्रवणयंत्र काउंटरवर चष्म्यासारखं विकणारी दुकानं होती. तपासणी न करताच यंत्र कानात बसवायची आणि आवाज वाढवून द्यायची. यातल्या कुणालाही ‘तुम्ही कुठे शिकलात?’ असं विचारण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याने कुणाला दिलेला नव्हता. आम्ही तीन वर्षं घासून पदवी घेतली आणि त्या खडेवाल्या गृहस्थांनी पाटी रंगवून घेतली. कायद्याच्या लेखी दोघं सारखेच.

उपनगरातल्या माणसाला तर योग्य जागी पोचणं हीच परीक्षा होती. मुलुंडहून, बोरिवलीहून आया कडेवर मूल घेऊन नायरला यायच्या. मुलाच्या छातीवर कापडी पिशवीत श्रवणयंत्राचा डबा, त्यातून कानाकडे गेलेली वायर. ती पिशवी आईनेच शिवलेली, बहुतेक जुन्या परकराच्या कापडाची. पावसात गाड्या बंद पडल्या की आठवड्याची थेरपी बुडाली. अंधेरीहून घाटकोपरला जायचं तर ३४० नंबरची बस, आणि त्या बसमध्ये मूल रडून थकून झोपेस्तोवर अर्धा रस्ताही सरलेला नसायचा.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये वांद्र्याला राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिला अली यावर जंग यांचं नाव दिलं. ते सत्तरच्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. रेक्लमेशनजवळची ती इमारत म्हणजे बोरिवली-अंधेरीकरांना माहीमची खाडी न ओलांडता मिळालेलं पहिलं मोठं ठिकाण. आमच्या तुकडीत त्याची केवढी चर्चा! केंद्र सरकार एवढा पैसा घालतंय म्हणजे आपल्या विषयाला भविष्य आहे, अशी आम्ही आपापल्या घरच्यांची समजूत काढली. शेजारच्या काकांचीही.

मग ‘आरसीआय’ आलं. भारतीय पुनर्वास परिषद आधी १९८६ मध्ये नुसती नोंदणीकृत सोसायटी म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने तिचा कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. कामं मुख्यतः दोन. अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या शिक्षणाचे किमान निकष ठरवून संस्थांना मान्यता द्यायची, आणि पात्र माणसांची केंद्रीय नोंदवही ठेवायची. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम १३ मध्ये लिहिलेलं. हजार रुपयांचा दंड वाचून आज हसू येईल. आम्हाला तेव्हा त्या ओळीने केवढा धीर दिला होता!

नोंदणीच्या त्या पहिल्या वर्षांत मजा झाली. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांना आपल्याच पदवीच्या झेरॉक्स साक्षांकित करून दिल्लीला पाठवायला लागल्या. आमच्या बाई कुरकुरल्या, ‘आता मला येतं की नाही हे हे ठरवणार?’ पण सगळ्यांत आधी अर्ज त्यांचाच गेला, आणि प्रमाणपत्र आल्यावर त्यांनी ते फ्रेम करून लावलंही. म्हणाल्या, ‘मी नोंद केली नाही तर तुम्ही कशाला कराल?’

त्यानंतर चित्र भराभर बदललं. बी.एस्सी.चं बीएएसएलपी झालं, तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. मास्टर्स दोन वर्षांचं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं आणि नायरचा अभ्यासक्रम तिकडे गेला. नव्या संस्था निघाल्या. प्रत्येकीला परवानगी ठरावीक मुदतीची, जागा ठरवून दिलेल्या, शिक्षक किती, त्यांची पात्रता कोणती, ध्वनिरोधक खोली कशी, ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं, रुग्ण किती, ग्रंथालयात काय. मुदत संपली की पुन्हा तपासणी. नोंदणीसुद्धा दर पाच वर्षांनी ताजी करायची, आणि त्यासाठी कार्यशाळा करून गुण जमवायचे. साठीच्या बाया दुपारच्या वेबिनारला बसतात त्या उगाच नाही.

तपासणीचं नाटकही मी बघितलं आहे. एका संस्थेत मी पाहुणी म्हणून शिकवायला जायची. इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात तिथे रंगाचा वास सुटायचा. एरवी कुलपात असलेली यंत्रं टेबलावर यायची. ग्रंथालयात कोरी पुस्तकं, त्यांच्यावर शिक्के मारायला शिपाई नि दोन विद्यार्थिनी. ज्या मुली रोज तीन पेशंट बघायच्या त्यांना त्या दिवशी पेशंटपासून दूर ठेवून फायली लावायला बसवलेलं. तपासणी समितीने खोल्या मोजल्या, खुर्च्या मोजल्या, चहा घेतला. थेरपी बघायला कुणी बसलं नाही. बाहेर मात्र एक आई मुलाला घेऊन तासभर ताटकळली, कारण तिची थेरपिस्ट आत फायली लावत होती.

हे बघितल्यावर जुन्या पिढीच्या माणसांना निकषांचा राग येणं साहजिक आहे. मलाही यायचा. पुढे एकदा ते निकष कामासाठी ओळ अन् ओळ वाचावे लागले, आणि वाचता वाचता मला जागोजागी आमच्या बाई दिसायला लागल्या. विद्यार्थ्याचं काम पात्र शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावं, ही ओळ म्हणजे कोपऱ्यातलं ते स्टूल. यंत्राचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी व्हावं, म्हणजे बाईंनी दर सोमवारी स्वतःच्या कानाला हेडफोन लावून ऑडिओमीटर तपासणं. लहान मुलं, म्हातारी माणसं, बहिरेपण, तोतरेपणा, पक्षाघात, सगळ्या प्रकारच्या केसेस विद्यार्थ्याच्या हातून जाव्यात, म्हणजे ‘आज तुझा आवडता पेशंट नाही मिळणार’ हे बाईंचं ठरलेलं वाक्य. चांगल्या शिक्षकांच्या सवयी कुणीतरी लिहून काढल्या आणि त्यांना नियम म्हटलं, इतकंच. बाई नायरपुरत्या होत्या. नियम दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या संस्थेतल्या, जिला अशा बाई कधीच लाभल्या नाहीत त्या मुलीलाही पुरतो. हे काम आठवणी करू शकत नाहीत.

परदेशातही हे असंच चाललेलं आहे. अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट व्हायला मास्टर्स लागतं, तेही तिथल्या मान्यता-परिषदेने पारखलेल्या अभ्यासक्रमातलं. आणि तिथल्या संघटनेचं प्रमाणपत्र हवं तर देखरेखीखालचे ४०० तास, त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष कामाचे. आपल्याकडची पदवी तिथे आपोआप चालत नाही, वेगळी तपासून घ्यावी लागते. हल्ली पहिल्या वर्षाची मुलगीच विचारते, ‘मॅम, हे बाहेर चालेल ना?’ आमच्या वेळी प्रश्न होता घरात चालेल का.

आणि आजचं उपनगर? ते तर ओळखू येत नाही. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ ला सुरू झाली आणि ३४० नंबरच्या बसची ती यातायात संपली. मूल झोपायच्या आत क्लिनिक येतं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत गल्लोगल्ली थेरपी सेंटर्सच्या पाट्या आहेत. कापडी पिशवीतला डबा जाऊन कानामागे बसणारं चिमुकलं यंत्र आलं. काही मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट होतं, आणि २०१४ पासून केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेत त्यासाठी सहा लाखांपर्यंत मदत मिळू लागली. तिचं काम वांद्र्याच्याच संस्थेकडे आलं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व स्वतंत्र नोंदलं गेलं. पक्षाघात झालेल्या माणसाला पूर्वी घरचे ‘वाचा गेली, नशीब’ म्हणून अंथरुणावर सोडून द्यायचे. आता डिस्चार्जच्या कागदावरच स्पीच थेरपी लिहून येते. परवा मुलुंडचे एक आजोबा आले. रामरक्षा सुरू करून दिली की घडाघडा म्हणतात, पण चहा हवा हे सांगता येत नाही. घरच्यांना वाटत होतं ते मुद्दाम करतात. पाठ झालेलं बोलणं आणि मनातलं जुळवून केलेलं बोलणं मेंदूत एकाच वाटेने येत नाही, हे सुनेला समजावल्यावर तिचा चेहरा बदलला. रागावलेली होती, ती रडायला लागली.

मुलांच्या तक्रारीही बदलल्या. घाटकोपरच्या मराठी घरातला तीन वर्षांचा मुलगा माझ्यासमोर टॅबवर बघून बघून पाठ केलेले रंग, आकडे, प्राणी सगळे इंग्रजीत म्हणून दाखवतो. आई कौतुकाने बघते. तहान लागली की मात्र तो तिचा हात धरून बाटलीपर्यंत ओढत नेतो. ‘पाणी’ नाही, ‘वॉटर’ही नाही. ‘घरी कुठल्या भाषेत बोलता?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘शाळेत अडायला नको म्हणून आम्ही इंग्लिशमध्येच.’ आणि आजी? ‘आजींना सांगितलंय कमी बोला.’ आमच्या काळात आज्या वेखंड उगाळायच्या, पण निदान दिवसभर मुलाशी बोलायच्या. मी त्या आईला पहिला गृहपाठ देते तो आजीला मोकळं सोडण्याचा.

पाट्या वाढल्या, तशी पाट्यांमागची भेसळही वाढली. ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ असं गोंडस नाव, आत दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली मुलगी. खडेवाल्या गृहस्थांची ही नातवंडं. फरक इतकाच की आता आईच्या हातात विचारायला एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पडताळता येतं. म्हणून नंबर जरूर विचारा, नोंदवहीत बघा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा. आणि एक गोष्ट आणखी करा. थेरपी चालू असताना खोलीत बसायला मिळेल का, हे विचारा. जिथे नेहमीसाठीच नाही म्हणतील तिथे का ते विचारा. बसायला मिळालं तर एक कागद घ्या आणि दोन रकाने आखा.

तपासणी समितीकडेही माझं मागणं एवढंच आहे. खोल्या मोजा, यंत्रं बघा, शिक्षकांची प्रमाणपत्रं तपासा, त्यात काही गैर नाही. ते मोजलं जात नव्हतं तेव्हा काय काय चालायचं ते मी बघितलेलं आहे, आणि ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. फक्त चहाच्या आधी अर्धा तास थेरपीच्या खोलीत बसा, संस्थेने सांगितलेल्या विद्यार्थिनीसमोर नव्हे, तर त्या दिवशी जिची पाळी असेल तिच्यासमोर. मूल किती बोललं ते मोजा आणि तो आकडा अहवालात लिहा. त्याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. एक स्टूल लागतं, आणि ते प्रत्येक संस्थेत असतं.